मन जड मानले तर भक्ती कोणाची? साताऱ्यातील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

मन म्हणजे एक प्रकारचे संगणन आहे, हा गेल्या शतकातला सिद्धान्त खरा धरला तर आत्मा, ईश्वर, मोक्ष आणि भक्ती यांविषयीच्या विचाराचे काय होते, एवढ्या एकाच प्रश्नावर तीन महिने चालणारा सशुल्क अभ्यासवर्ग साताऱ्यात भरतो आणि त्याला शेवटपर्यंत माणसे टिकून राहतात, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावी अशी आहे. वर्ग दर शनिवारी संध्याकाळी राजवाड्याजवळच्या एका जुन्या घराच्या माडीवर भरतो. चालवणारी मंडळी जाहिरात करत नाहीत आणि आपली नावे छापली जाऊ नयेत अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून ती येथे दिलेली नाहीत. त्या भागात चौकशी केली तर पत्ता मिळण्यास अडचण पडत नाही. शुल्क दोन हजार रुपये असून त्यात टिपणांच्या झेरॉक्स प्रती आणि मधल्या वेळचा चहा येतो. शिकवणारे दोघे आहेत. एक संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणतात. दुसरे वाईला जुन्या पद्धतीने शास्त्राध्ययन केलेले पंडित, ज्यांना सगळे ‘शास्त्रीबुवा’ म्हणतात. दोघे एकाच वेळी समोर बसतात आणि एकमेकांना मध्येच अडवतात, हे या वर्गाचे मोठे बलस्थान आहे.

दोन हजार रुपये वसूल होतात, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ज्या अपेक्षेने बहुतेक जण नाव नोंदवतात ती अपेक्षा येथे पुरी होत नाही. विज्ञानाने आत्मा मोडीत काढला, किंवा विज्ञानाने आत्मा सिद्ध केला, यांपैकी एक काहीतरी ऐकायला मिळेल असे धरून माणसे येतात. वर्ग त्यांना एका हिशेबाला बसवतो: विचार, स्मरण, निश्चय, मीपणा यांपैकी काय काय यंत्राच्या बाजूला टाकायचे, आत्म्याच्या बाजूला काय उरते, आणि जे उरते तेवढ्यावर भक्ती उभी राहू शकते काय. हा हिशेब शेवटपर्यंत सोडला जात नाही, आणि म्हणूनच या वर्गाची शिफारस करावीशी वाटते.

सुरुवातीच्या बैठका सरांच्या आहेत. संगणनवाद म्हणजे मेंदू संगणकासारखा दिसतो किंवा वागतो असे म्हणणे नव्हे, हे ते पहिल्याच दिवशी स्पष्ट करतात. विचार करणे म्हणजे चिन्हांवर नियमांनुसार क्रिया करणे, या क्रिया चिन्हांच्या आकाराकडे पाहून होतात, आणि त्या कोणत्या द्रव्यात घडतात याला महत्त्व नसते, असा हा दावा आहे. सात आणि पाच यांची बेरीज बोटांवर करा, मण्यांच्या पाटीवर करा किंवा मोबाइलवर करा. बेरीज तीच राहते. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये कागदाच्या फितीवर चिन्हे वाचणारे आणि लिहिणारे काल्पनिक यंत्र मांडून गणन म्हणजे काय याची काटेकोर व्याख्या दिली. वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये चेतापेशींच्या जाळ्यातून तर्कशास्त्रातली विधाने कशी साकारता येतील हे दाखवले. १९६० च्या दशकात तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी वेदना, श्रद्धा, इच्छा या मनाच्या अवस्थांची व्याख्या त्या कशाच्या बनल्या आहेत यावरून न करता त्या काय काम करतात यावरून करावी असे सुचवले, आणि १९७५ मध्ये जेरी फोडर यांनी विचाराची स्वतःची एक भाषा असते असा पक्ष मांडला. ही वंशावळ सर सफाईने सांगतात. डेव्हिड मार यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केलेली तीन पातळ्यांची मांडणी, म्हणजे कोणता प्रश्न सोडवला जातो, कोणत्या रीतीने सोडवला जातो आणि कोणत्या यंत्रणेत सोडवला जातो, ही पुढच्या प्रत्येक वादात उपयोगी पडते, म्हणून ती वहीत नीट उतरवून घ्यावी. पटनम यांनी स्वतःच पुढे हा पक्ष सोडून दिला आणि उत्तरायुष्यात ते ज्यू उपासना पाळत असत, हेही सर सांगतात. त्यावर कोणीच काही विचारले नाही याचे मात्र आश्चर्य वाटले.

ईश्वरविचाराशी पहिली गाठ पडते ती ट्युरिंग यांच्याच लेखात. ‘माइंड’ या नियतकालिकात १९५० साली आलेल्या प्रसिद्ध लेखात त्यांनी यंत्रे विचार करू शकतात या कल्पनेवरचे नऊ आक्षेप घेतले असून त्यांतला पहिला धर्मशास्त्रीय आहे: विचार हे अमर आत्म्याचे कार्य आहे, ईश्वराने आत्मा माणसांना दिला, प्राण्यांना आणि यंत्रांना दिला नाही, म्हणून यंत्र विचार करू शकत नाही. अशा युक्तिवादांचा आपल्यावर फारसा प्रभाव पडत नाही असे ट्युरिंग म्हणतात खरे. पण उत्तर देतात ते धर्मशास्त्राच्याच अंगणात उतरून. सर्वशक्तिमान ईश्वराला वाटले तर तो हत्तीलाही आत्मा देऊ शकणार नाही काय? मग यंत्राला का नाही? मुलांना जन्म देताना आपण ईश्वराची सत्ता बळकावत नाही, तसेच यंत्र घडवतानाही बळकावत नाही. दोन्ही वेळा आपण त्याने निर्माण केलेल्या आत्म्यांसाठी घरे बांधून देत असतो. हे मूळ उतारे वर्गात मराठीतून संथपणे वाचून दाखवले जातात, आणि बहुतेक श्रोत्यांना, मलाही, या वाचनाचा मोठा लाभ झाला. नास्तिक समजल्या जाणाऱ्या गणितज्ञाचा हा प्रतिवाद अनेक कीर्तनकारांच्या पूर्वरंगापेक्षा जास्त सुसंगत आहे, असे माझ्या शेजारी बसलेले एक निवृत्त शिक्षक पुटपुटले.

यानंतरची बैठक शास्त्रीबुवांची, आणि माझ्या मते येथून वर्ग खऱ्या अर्थाने सुरू होतो. ट्युरिंग यांनी खोडून काढलेला आक्षेप ज्या घरात जन्मला त्या घरात विचार करणे हेच आत्म्याचे लक्षण मानलेले आहे, असे ते म्हणाले. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी १६३७ मध्ये प्राण्यांना यंत्रे ठरवले आणि माणसाला त्यातून वगळले ते याच आधारावर, की यंत्र प्रसंग पाहून बोलू शकणार नाही आणि सर्व प्रसंगी बुद्धीने वागू शकणार नाही. आपल्याकडच्या सांख्यांनी, म्हणजे पुरुष आणि प्रकृती अशी दोन तत्त्वे मानणाऱ्या दर्शनाने, हा पाया मुळातच घातलेला नाही. बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही त्यांच्या मते प्रकृतीची, म्हणजे जडाची (अचेतन द्रव्याची) कार्ये आहेत. पुरुष केवळ साक्षी आहे, तो विचार करत नाही, निश्चय करत नाही, काहीच करत नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतली विसावी कारिका तर सांगते की पुरुषाच्या संयोगामुळे अचेतन लिंग, म्हणजे सूक्ष्म शरीर, चेतन असल्यासारखे भासते. गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राची, म्हणजे जाणल्या जाणाऱ्या देहादिकांची, यादी येते तिच्यात बुद्धी आणि अहंकार आहेतच, पण इच्छा, द्वेष, सुख, दुःख, धृती आणि चक्क चेतनाही आहे. क्षेत्रज्ञ, म्हणजे जाणणारा, या सर्वांहून वेगळा. दासबोधाच्या सतराव्या दशकात समर्थांनी अंतःकरणपंचकाची (अंतःकरण, मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार यांची) जी वाटणी केली आहे तीही याच वळणाची आहे, आणि सज्जनगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ती नव्याने सांगण्याची गरज नव्हती.

सभागृहात समाधानाची लाट आली हे सांगायला नकोच. म्हणजे संगणनवाद आपल्याला बाधतच नाही, मन यंत्र ठरले तरी आत्मा सुरक्षित, आणि शिवाय हे सगळे आपल्या पूर्वजांनी आधीच सांगून ठेवलेले, असा सूर निघाला. येथे एखादा वक्ता टाळ्या घेऊन बैठक संपवता. शास्त्रीबुवांनी तसे केले नाही, आणि याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. त्यांचे पहिले म्हणणे असे की जड असणे वेगळे आणि संगणनरूप असणे वेगळे; कृष्णेचे पाणी जड आहे, म्हणून ते नियमावली वाचत वाहते असे होत नाही. बुद्धी प्रकृतीची आहे असे सांख्य म्हणतात, पण ती चिन्हांवर त्यांच्या आकारानुसार क्रिया करते असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही, तेव्हा ट्युरिंग यांचे श्रेय ईश्वरकृष्णाला देण्याचे कारण नाही. दुसरे म्हणणे जास्त बोचणारे होते. सांख्यांच्या या वाटणीची किंमत बासष्टाव्या कारिकेत लिहिलेली आहे: कोणताही पुरुष बद्ध होत नाही, मुक्त होत नाही, संसारातून फिरतही नाही, फिरते, बांधली जाते आणि सुटते ती प्रकृती. मन, बुद्धी, मीपणा सगळे यंत्राच्या बाजूला टाकून आत्मा वाचवला, पण मग मोक्ष कोणाचा? आणि मोक्ष बाजूला ठेवा, देवाची आठवण काढणारा कोण?

हा प्रश्न त्यांनी हवेत सोडला नाही. ‘हेंचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा’ या तुकोबांच्या मागणीकडे त्यांनी लक्ष वेधले. मुक्ती नको, धन नको, गर्भवासाला घातले तरी चालेल, पण विसर पडू नये. आता विसर न पडणे हे तर चित्ताचे काम, आणि चित्त आपण नुकतेच जडाच्या खात्यावर मांडले. म्हणजे तुकोबा जे मागतात ते, या हिशेबाप्रमाणे, यंत्राच्या एका भागाची दुरुस्ती ठरते. बैठकीत काही क्षण कोणी बोलले नाही; नंतर सगळे एकदम बोलू लागले आणि चहा गार झाला.

पुढची बैठक तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांच्या १९८० सालच्या चिनी खोलीच्या युक्तिवादावर होती आणि ती संपूर्ण वर्गातली सर्वोत्तम बैठक ठरली. चिनी भाषा न येणारा माणूस खोलीत बसून नियमांच्या पुस्तकाप्रमाणे चिनी चिन्हांना चिनी चिन्हांनी उत्तरे देतो. बाहेरच्याला वाटते आत चिनी जाणणारा कोणी आहे. प्रत्यक्षात आतल्याला एक अक्षर कळलेले नसते. यावरून केवळ चिन्हांच्या आकाराशी खेळून अर्थ हाती येत नाही, असा निष्कर्ष सर्ल काढतात. सरांनी याचे नेहमीचे प्रत्युत्तरही, म्हणजे समज माणसाला नसून संपूर्ण खोलीला आहे हे, प्रामाणिकपणे मांडले आणि सर्ल हे आत्मवाद्यांचे वकील नाहीत याचीही आठवण करून दिली. सर्ल यांच्या मते जाणीव ही मेंदूच्या जीवशास्त्राची करणी आहे. शास्त्रीबुवांनी त्याला जोड दिली ती शंकराचार्यांच्या सांख्यखंडनाची. अचेतन प्रकृती पुरुषाच्या प्रयोजनासाठी कशी प्रवृत्त होते, यावर सत्तावन्नाव्या कारिकेत दुधाचा दृष्टान्त आहे: अजाण दूध वासराच्या वाढीसाठी आपोआप वाहते. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात आचार्य हा दृष्टान्त उलटवतात. दूध आपोआप वाहत नाही. गाय चेतन आहे, वासरावरच्या मायेने तिला पान्हा फुटतो आणि वासराच्या चोखण्याने दूध ओढले जाते. जडाच्या हालचालीत जे प्रयोजन दिसते ते जवळच्या चेतनाकडून उसने आलेले असते. संगणकाच्या पडद्यावरच्या चिन्हांचा अर्थ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून आणि वाचणाऱ्याकडून उसना येतो, हा सर्ल यांचा मुद्दा आणि हा मुद्दा एकच आहेत असे शास्त्रीबुवा म्हणाले नाहीत. दोन्ही युक्तिवाद एकाच जागी बोट ठेवतात, एवढेच ते म्हणाले, आणि तेवढेच म्हणणे योग्य होते.

याच बैठकीत कराडकडून येणाऱ्या एका वयस्क कीर्तनकारांनी विचारले, ‘‘सर, मग दिवसभर लावून ठेवलेल्या टेपमधल्या नामाचे पुण्य कोणाच्या खात्यावर?’’ प्रश्न हसण्यावारी गेला नाही, कारण नामजपासाठी प्रसिद्ध असलेले गोंदवले याच जिल्ह्यात आहे आणि बोटात घालायची जपसंख्या मोजणारी छोटी यंत्रे येथे घरोघर आहेत. शास्त्रीबुवांनी उत्तरादाखल आपल्याच परंपरेतला एक अडचणीचा पक्ष पुढे ठेवला. मंत्रांना अर्थच नसतो असे म्हणणारा कौत्स यास्कांच्या निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात, येतो. यास्क त्याचे खंडन करतात, पण खंडन करावे लागले इतका तो पक्ष जुना आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ मरताना ‘नारायण’ अशी हाक मारतो ती आपल्या मुलाला, देवाला नव्हे, आणि तरीही विष्णुदूत येतात. संकेताने, थट्टेने, अवहेलनेने घेतलेले नामही पाप हरते, असा त्यांचा निवाडा आहे. म्हणजे अर्थ चुकला, उद्देश चुकला, केवळ शब्दाचा आकार बरोबर होता, आणि तेवढे पुरले. अर्थाविना आकाराला फळ असते असे मानणारा पक्ष आपल्या धर्मविचारात आहे, हे इतक्या स्पष्टपणे मांडलेले मी यापूर्वी ऐकले नव्हते.

‘‘पण बुवा,’’ शास्त्रीबुवा पुढे म्हणाले, ‘‘अजामिळाने हाक तरी मारली होती. टेप कोणाला हाक मारत नाही.’’ यावर सरांनी त्यांना पकडले. भीती वाटणे, आर्त होणे, कोणावर तरी भिस्त टाकणे आणि त्यातून तोंडाला शब्द येणे, याला हाक म्हणायचे असेल तर ही सगळी यादी अंतःकरणाची आहे, आणि अंतःकरण तुम्हीच दोन आठवड्यांपूर्वी जडात जमा केले आहे. तेव्हा पटनम यांच्या पद्धतीने हाकेची व्याख्या तिच्या कार्यावरून करता येईल आणि ती उद्या एखाद्या यंत्रालाही लागू पडेल. शास्त्रीबुवा हसले आणि म्हणाले, की म्हणूनच रामानुज लागतात. रामानुजांच्या विशिष्टाद्वैत या वेदान्तमतात जीव हा केवळ साक्षी नाही, तो ज्ञाता आहे, कर्ता आहे, आणि ज्ञान हा त्याचा धर्म, म्हणजे अंगभूत गुण, आहे. तेथे स्मरण करणारा जीवच असतो, त्यामुळे तुकोबांची मागणी जशीच्या तशी ठेवता येते. मात्र मग संगणनवादाशी सुखाने नांदता येत नाही. विचार हा पूर्णपणे चिन्हांचा व्यवहार आहे हे नाकारावेच लागते.

माझे मत विचाराल तर या तिढ्यात रामानुजांचा मार्ग जास्त सरळ आहे, कारण तो किंमत उघडपणे मोजतो. शंकराचार्यांच्या परंपरेतले अद्वैती उत्तर, म्हणजे भक्ती व्यवहारापुरती खरी आणि परमार्थात तिचा प्रश्नच उरत नाही, हे तर्कदृष्ट्या निर्दोष असले तरी भक्ताला पटवणारे नाही. अर्थात रामानुजांनाही अडचण आहेच, आणि ती वर्गात एका बाईंनी मांडली. त्यांच्या घरातल्या वृद्धांना स्मृतिभ्रंश झाला असून आयुष्यभर म्हटलेले मनाचे श्लोकही त्यांना आता आठवत नाहीत. ज्ञान जर जीवाचाच धर्म असेल तर मेंदूच्या रोगाने तो कसा पुसला जातो? कर्मामुळे धर्मभूत ज्ञानाचा संकोच आणि विकास होतो, हे संप्रदायाचे उत्तर शास्त्रीबुवांनी दिले आणि लगेच स्वतःच जोडले की हे उत्तर घटना घडून गेल्यावर तिला नाव देते, ती का घडली हे सांगत नाही. शिकवणाऱ्याने स्वतःच्या पक्षाबद्दल इतके परखड असावे, हे दुर्मीळ आहे.

न्यायदर्शनाला, म्हणजे नैयायिकांच्या तर्कप्रधान दर्शनाला, मात्र जेमतेम अर्धा तास मिळाला, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. एकाच वेळी अनेक ज्ञाने उत्पन्न होत नाहीत हीच मनाची खूण, हे न्यायसूत्र एका वेळी एकच काम हाताळणाऱ्या प्रक्रियायंत्राची आठवण करून देते. आणि त्याच वेळी ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे, मनाचा नव्हे, असा नैयायिकांचा आग्रह असल्यामुळे संगणनवादाशी समोरासमोर टक्कर होते ती त्यांचीच. शिवाय मुक्त आत्म्याला ज्ञानही उरत नाही असे तेच मानतात. जडवादी चार्वाकांचे किण्वापासून (आंबवण्याच्या द्रव्यापासून) मद उत्पन्न व्हावा तसे भूतांपासून चैतन्य उत्पन्न होते हे मतही एका वाक्यात आटोपले. याउलट ख्रिस्ती विचाराला दिलेली बैठक अनपेक्षितपणे भरीव निघाली. भौतिकशास्त्रज्ञ आणि अँग्लिकन धर्मगुरू जॉन पोल्किंगहॉर्न यांनी आत्मा म्हणजे शरीराने वाहिलेला माहितीचा आकृतिबंध असून मृत्यूनंतर तो ईश्वराच्या स्मरणात राहतो आणि पुनरुत्थानात त्याला नवे शरीर मिळते असे मांडले. आत्मा हे शरीराचे रूप आहे या थॉमस अक्वायनस यांच्या मताची ही आधुनिक आवृत्ती म्हणता येईल. येथे संगणनवाद शत्रू न राहता मदतीला येतो: द्रव्य बदलले तरी आकृतिबंध तोच. ईश्वराने एकाच आकृतिबंधाची दोन शरीरे उठवली तर त्यांतला मूळ माणूस कोणता, हा प्रश्न एका तरुण मुलाने विचारला आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ते कोणाकडेच आहे असे वाटत नाही. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथातल्या नागसेनाचा रथ, म्हणजे सुट्या भागांना मिळून दिलेल्या नावापलीकडे रथ म्हणून वेगळे काही नसते हा दृष्टान्त, येथे खरोखर उपयोगी पडला असता, पण त्याचा केवळ उल्लेख झाला.

तर्कशास्त्रज्ञ कुर्ट ग्योडेल यांच्यावरची बैठक फसली. पुरेशा सबळ आणि सुसंगत नियमव्यवस्थेत सिद्ध न होणारी खरी विधाने उरतातच, असे सांगणाऱ्या त्यांच्या १९३१ च्या अपूर्णतेच्या प्रमेयांवरून मानवी मन कोणत्याही यंत्रापेक्षा श्रेष्ठ ठरते, असे जे. आर. लुकास यांनी १९६१ मध्ये म्हटले. स्वतः ग्योडेल १९५१ च्या व्याख्यानात जास्त सावध होते आणि त्यांनी पर्याय दोन ठेवले होते: एक तर मन कोणत्याही सान्त (मर्यादित) यंत्राला अपरिमित मागे टाकते, नाहीतर गणितात कधीच न सुटणारे प्रश्न आहेत. हा फरक सरांनी सांगितला, पण प्रमेय म्हणजे काय हे न उलगडताच सांगितला, त्यामुळे ज्यांना ते आधी ठाऊक होते त्यांनाच तो कळला. त्यावर कळस असा की ग्योडेल यांच्या ईश्वरास्तित्वाच्या सिद्धतेची २०१३ मध्ये बेन्झम्युलर आणि वोल्टसेनलोगेल पालेओ या दोघा संशोधकांनी संगणकाकडून तपासणी करून घेतली, ही हकिकत बैठकीच्या अगदी शेवटी आली. संगणक गृहीतकांवरून निष्कर्ष निघतो की नाही एवढेच पाहतो, गृहीतके खरी आहेत काय हे पाहत नाही, आणि तपासलेली आवृत्ती डेना स्कॉट यांची होती. ग्योडेल यांच्या मूळ गृहीतकांत पुढे विसंगती सापडली, तीही संगणकालाच. हे सर्व घाईत सांगितल्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर दिसला, जेथे संगणकाने देव सिद्ध केल्याची बातमी हात जोडलेल्या चिन्हांसह फिरत होती. ही बैठक दोन आठवड्यांत विभागावी किंवा गाळावी.

शेवटून दुसऱ्या बैठकीत एका संभाषण करणाऱ्या प्रणालीला पडद्यावर दासबोधातली ओवी विचारण्यात आली आणि तिने छंद, यमक आणि समर्थांची धाटणी सांभाळून एक ओवी रचून दिली, जी दासबोधात नाही. मंडळी पोट धरून हसली. पण त्या हसण्यात विषय वाहून गेला. अशा प्रणाली फोडर यांच्या कल्पनेतल्या चिन्हांच्या भाषेवर चालत नाहीत. त्या जाळ्यांतल्या जोडण्यांच्या भारांवर चालतात, आणि अशा जाळ्यांना खरा विचार साधतो काय यावर फोडर आणि झेनॉन पिलिशिन यांनी १९८८ मध्येच कडक आक्षेप घेतले होते. आज त्या प्रणाली इतके बोलतात यावरून संगणनवाद बळकट झाला की त्याचे जुने रूप मोडले, हा प्रश्न सरांसारख्या माणसाने घ्यायलाच हवा होता.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. जिना अरुंद आणि चढा आहे, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी विचार करून यावे. खुर्च्या थोड्या, सतरंज्या भरपूर. झेरॉक्स टिपणांत संस्कृत उतारे स्वच्छ आहेत, पण इंग्रजी लेखांचे मराठी सारांश काही ठिकाणी मुळाहून दुर्बोध आहेत. चर्चा वेळेत संपत नाही, आणि शेवटची एसटी गाठायची असलेले लोक नेमके रंग भरल्यावर उठतात. श्रोत्यांची जमवाजमव ही साताऱ्याची खासियत म्हणावी लागेल: एका बाजूला समर्थभक्त, दुसऱ्या बाजूला नरेंद्र दाभोलकरांच्या या गावातले अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते. तीन महिन्यांत आवाज अनेकदा चढले, पण कोणी कोणाच्या श्रद्धेवर किंवा अश्रद्धेवर घसरले नाही. याचे श्रेय शिकवणाऱ्या दोघांना आहे, कारण चढा आवाज ऐकू आला की ते त्या माणसाला त्याच्या विरोधकाचे म्हणणे आधी नीट मांडायला लावतात.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होईल असे सांगण्यात आले आहे. ज्यांना केवळ कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख हवी आहे त्यांनी दुसरीकडे जावे. येथे ती तेवढ्यापुरतीच मिळते. ज्यांनी कारिका, भाष्य किंवा ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय थोडाफार वाचला आहे त्यांना सर्वाधिक लाभ होईल, आणि ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांनी नाव नोंदवण्यापूर्वी क्षेत्र-क्षेत्रज्ञाचा भाग तरी वाचून जावे. संयोजकांनी न्यायदर्शनाला पूर्ण बैठक द्यावी, आणि ती रामानुजांच्या आधी ठेवावी, म्हणजे ज्ञान आत्म्याचे मानण्याची पहिली बाजू ऐकल्यावर दुसरी बाजू जास्त नीट तपासता येईल.